आधी पेरणीचा पैसा, मग घराचे छप्पर: दुरुस्तीचा खर्च कसा बसवावा

पगारावर चालणाऱ्या घराच्या दुरुस्तीत आणि शेतीवर चालणाऱ्या घराच्या दुरुस्तीत रकमेपेक्षा वेळेचा फरक मोठा असतो. विदर्भात सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, कापसाचा पैसा वेच्यांप्रमाणे तुकड्यातुकड्याने येतो, तूर आणि हरभरा जानेवारी ते मार्चमध्ये हाती लागतात, आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाचे चुकारे खात्यात जमा होतील तेव्हा होतात. बांधकाम मात्र बहुतेक ठिकाणी होळीनंतर सुरू होते आणि मृग लागण्याच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आटोपावे लागते. नेमक्या त्याच दिवसांत बियाणे आणि खत घ्यायचे असते. छप्पर अर्धे उघडे आणि खिशात पेरणीपुरतेही पैसे नाहीत, ही वेळ खर्च वाढल्यामुळे जितकी येते, तितकीच पैसे काढण्याचा क्रम चुकल्यामुळे येते.

म्हणून अंदाजपत्रकाची पहिली ओळ घराची नसून शेताची असावी. समजा, एका कुटुंबाला सोयाबीन, कापूस आणि तूर मिळून हंगामात ३,६०,००० रुपये आले. त्यातून पीक कर्जाची परतफेड १,१०,००० रुपये, येत्या खरिपाचे बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी यांसाठी ८०,००० रुपये, आणि पुढच्या दिवाळीपर्यंतचा किराणा, शाळा व दवाखाना यांसाठी ९०,००० रुपये बाजूला काढले, तर उरतात ८०,००० रुपये. बँकेतील जुन्या ठेवीचे ६०,००० रुपये त्यात मिळवले, तर घराच्या कामासाठी १,४०,००० रुपये आहेत असे म्हणता येते. हे आकडे पद्धत कळावी म्हणून घेतलेले आहेत आणि प्रत्येकाने आपले आकडे त्या जागी घालावेत. पण वजाबाकीचा क्रम बदलू नये. नवे पीक कर्ज जूनमध्ये मिळेलच या भरवशावर पेरणीची रक्कम या हिशेबातून गाळणे धोक्याचे आहे, कारण कर्जाचे नूतनीकरण लांबले तरी पाऊस कोणासाठी थांबत नाही.

पीक कर्जच घराला लावण्याचा मोह गावोगाव दिसतो, आणि तो समजण्यासारखाही आहे, कारण इतके स्वस्त कर्ज दुसरीकडे कोठेच मिळत नाही. मुदतीत परतफेड करणाऱ्याला केंद्राच्या सवलतीने हे कर्ज ४ टक्क्यांनी पडते, आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे राज्यात ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीक कर्जाचे व्याज शून्यावर येते. परंतु ही सारी सवलत मुदतीत भरणाऱ्यासाठी आहे. पीक कर्जाची रक्कम एका हंगामात शेतातून परत येईल असे गृहीत धरलेले असते. छपरात गेलेली रक्कम तशी परत येत नाही, थकबाकी होते, सवलत जाते आणि पुढच्या वर्षीचे कर्जही अडते.

उपलब्ध रक्कम ठरली की घराकडे पाहावे, आणि पाहताना पाण्याच्या वाटेने पाहावे. पाणी वरून कोठे शिरते, भिंतीच्या पायथ्याशी कोठे साचते आणि न्हाणीतून कोठे झिरपते, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय फरशी आणि रंग यांवर खर्च करण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला दर दोन वर्षांनी रंग देणारी घरे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. काही वेळा दुरुस्ती अगदी लहान निघते: टिनाचे पत्रे फक्त खिळ्यांच्या छिद्रांपाशी गळत असतात, आणि हुक व डांबरी वायसर बदलले की काम भागते. कवेलूच्या छपरात फुटके कवेलू बदलून घर शाकारल्याने दोन-चार वर्षे निघत असतील, तर तेवढ्या काळात पैसे जमवता येतात. मात्र शाकारणीसाठी कवेलू उतरवले की खालचे फाटे आणि आडे नीट पाहून, टोचून घ्यावेत, कारण वाळवीने आतून पोकळ केलेले लाकूड वरून धडधाकट दिसते आणि अंदाजपत्रक कोलमडते ते बहुधा याच ठिकाणी.

विदर्भातील काळ्या मातीचा विचार वेगळा करावा लागतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर उथळ पायाने उभी असलेली भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी खचते. मे महिन्यात बोट जाईल इतकी रुंद दिसणारी भिंतीची तड, म्हणजे भेग, ऑगस्टमध्ये जवळजवळ मिटलेली असेल, तर ती प्लास्टरची तड नसून पायाखालच्या मातीची हालचाल आहे. अशा तडीत सिमेंट भरून वर रंग देणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापुरती सोय होय. तड कोणत्या जातीची आहे हे ओळखण्यासाठी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहावी, आणि मधोमध सिमेंटची पातळ पट्टी चढवून ती फुटते का हे एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहावे. पट्टी अभंग राहिली तर तड जुनी आहे आणि भरून टाकण्यास हरकत नाही. पट्टी फुटली तर आधी भिंतीभोवतीचे पाणी तोडावे: छपराची पागोळी भिंतीपासून दूर पडेल अशी करावी, भिंतीला लागून मुरूम दाबून त्यावर बाहेरच्या बाजूला उतार दिलेली काँक्रीटची पट्टी करावी, आणि न्हाणीचे सांडपाणी पायाशी न सोडता नळीने लांब न्यावे. हे काम दिसायला काहीच नाही, त्यामुळे ते यादीत शेवटी जाते. माझ्या मते ते छपराच्या लगोलग यावे. तड एखाद्या कोपऱ्यातून तिरपी वर चढत असेल किंवा भिंत ओळंब्यातून बाहेर गेली असेल, तर मात्र तालुक्याच्या ठिकाणच्या अभियंत्याला फी देऊन दाखवावे. ती फी या सगळ्या खर्चातील सर्वांत स्वस्त रक्कम ठरते.

मातीच्या भिंतींबाबत एक चूक सर्रास होते. घर पक्के दिसावे म्हणून मातीच्या भिंतीवर सिमेंटचे प्लास्टर चढवले जाते. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा थर तिला तसे करू देत नाही, आणि दोन्हींचे आकसणे-फुगणे सारखे नसल्यामुळे हा थर काही पावसाळ्यांत पोपड्यांसारखा सुटतो व सुटताना भिंतीची मातीही ओढून नेतो. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच टिकतो. मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकण्याचा विचार तर करूच नये. स्लॅब हवा असेल तर पायासह खांब उभे करावे लागतात, आणि मग ते काम दुरुस्तीचे राहत नाही, नव्या बांधकामाचे होते. त्याचे अंदाजपत्रकही तसेच मांडावे लागते.

काय करायचे हे ठरल्यावर मापे घ्यावीत. येथे ब्रास या एककाने अनेकांचा गोंधळ होतो. रेती, गिट्टी आणि मुरूम मोजताना १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, तर प्लास्टर किंवा फरशीच्या कामात मिस्त्री ज्याला ब्रास म्हणतो ते १०० चौरस फूट असते. स्वतःचा अंदाज असावा म्हणून एवढे लक्षात ठेवावे की अर्धा इंच जाडीच्या १०० चौरस फूट प्लास्टरला ५० किलोची साधारण १ बॅग सिमेंट लागते, आणि ४ इंच जाडीच्या १०० चौरस फूट स्लॅबला ७ ते ८ बॅगा. मिस्त्रीने सांगितलेला आकडा याच्या दीडपट असेल तर कारण विचारावे; कारण असूही शकते, जसे की जुनी भिंत इतकी ओबडधोबड आहे की प्लास्टरचा थर जाड करावा लागणार आहे.

समजा, मापांवरून आणि तालुक्यातील दोन दुकानांच्या भावांवरून अंदाज असा निघाला: स्वयंपाकघराचे छप्पर बदलणे ७०,०००, वायरिंग ३०,०००, शौचालय-न्हाणी आणि शोषखड्डा ८०,०००, भिंतींचा गिलावा व भोवतीची पट्टी ५०,०००, फरशी ४०,००० आणि रंग ३०,०००. बेरीज ३ लाख होते. जुन्या घराच्या कामात यावर १५ टक्के, म्हणजे ४५,००० रुपये, अनपेक्षित खर्चासाठी धरावेत, कारण जुने घर उघडल्यावर आत काय निघेल हे कोणालाही सांगता येत नाही. एकूण ३,४५,००० रुपये झाले आणि हाती १,४०,००० आहेत. आता दोन वाटा उरतात: काम टप्प्यांत करणे किंवा उरलेल्या रकमेचे कर्ज काढणे.

टप्प्यांची वाट निवडली तर एक अट पाळावी. प्रत्येक टप्पा संपल्यावर घर पावसाळ्यात राहण्याजोगे असले पाहिजे. वरच्या उदाहरणात छप्पर आणि वायरिंग १५ टक्के जादा धरून १,१५,००० रुपयांत बसतात आणि २५,००० हातात राहतात. त्यांतून भिंतीभोवतीची पट्टी आताच करून घेता येईल. फरशी या वर्षी नको, कारण पुढच्या वर्षी न्हाणीची नळी टाकताना ती फोडावी लागेल. याच कारणाने नळाची आणि सांडपाण्याची नळी कोठून जाईल, तसेच वायरिंगच्या पट्ट्या कोठे येतील, याचा नकाशा पहिल्याच टप्प्यात कागदावर काढून ठेवावा. छपरावर सौर पॅनेल बसवायचे मनात असेल तर तेही आताच ठरवावे, कारण पत्र्याखालचा लोखंडी सांगाडा त्या वजनाचा धरावा लागतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे.

कर्जाची वाट निवडणाऱ्याने व्याजदराआधी व्याज मोजण्याची पद्धत विचारावी. २ लाख रुपये १२ टक्के घटत्या शिलकीवर ५ वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,४५० रुपये येतो आणि पाच वर्षांत सुमारे ६७,००० रुपये व्याज जाते. घटती शिल्लक म्हणजे जेवढे मुद्दल बाकी असेल तेवढ्यावरच व्याज. काही ठिकाणी मात्र सरळ व्याज सांगितले जाते: १ लाख रुपये, १२ टक्के, ३ वर्षे, म्हणून ३६,००० रुपये व्याज, आणि १,३६,००० भागिले ३६, म्हणजे महिन्याला सुमारे ३,७७८ रुपये. ऐकायला हा दर तोच १२ टक्के आहे. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटत असतानाही शेवटपर्यंत पूर्ण १ लाखावर व्याज घेतले जात असल्यामुळे घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. त्यावर प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता आधीच कापून घेतला असेल तर आणखी वाढतो. म्हणून कर्ज देणाऱ्याला दोनच आकडे कागदावर लिहून मागावेत: माझ्या खात्यात प्रत्यक्ष किती जमा होणार, आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत मी एकूण किती भरणार.

शेतकऱ्याची खरी अडचण हप्त्याच्या आकड्यापेक्षा त्याच्या तारखेत आहे. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांत घरात पैसा येत नाही, पण हप्ता येतो. गावातील पतसंस्था किंवा बँक सहामाही हप्ता देत असेल तर तो मागून घ्यावा. देत नसेल तर हंगामाचा पैसा आला की सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम वेगळ्या खात्यात टाकून तिथूनच ते कापले जातील अशी व्यवस्था करावी. सोने तारण ठेवून घेतलेले कर्ज लवकर मिळते आणि त्याला घराची कागदपत्रे लागत नाहीत, त्यामुळे एका हंगामात फिटेल अशा लहान रकमेसाठी ते बरे. महिला बचत गटातून मिळणारे कर्जही लहान टप्प्याला उपयोगी पडते, फक्त ते गटाच्या जबाबदारीवर असते आणि थकले तर शेजारणींची अडचण होते हे विसरू नये. सावकाराकडे जाण्याची वेळ आलीच, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना बंधनकारक आहे. परवाना नसलेल्याकडे कोऱ्या मुद्रांकावर सही करून किंवा शेताची खरेदी लिहून देऊन पैसे घेऊ नयेत, कितीही ओळख असली तरी.

घर तारण ठेवून बँकेचे कर्ज घ्यायचे असल्यास मालकीचा कागद लागतो, आणि गावठाणातील घरांचे घोडे येथेच अडते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिली जाते, आणि गावात ती मोजणी झाली असेल तर पत्रिका काढून ठेवावी. घर अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर वारसनोंदीला वेळ लागतो. ते काम पावसाळ्यातच सुरू केले तर होळीपर्यंत हाती काही लागण्याची आशा असते.

सरकारी घरकुल योजनांविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) बेघर किंवा कच्च्या घरात राहणाऱ्यांना नवे पक्के घर बांधण्यासाठी आहे. चालत्या घराच्या दुरुस्तीला ती रक्कम नाही. सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगराळ व दुर्गम भागात १,३०,००० रुपये काम पुढे सरकेल तसे, टप्प्यावरचे छायाचित्र पाहून, थेट खात्यात हप्त्यांनी येतात, आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आणि अनुसूचित जमातींसाठी शबरी या राज्याच्या घरकुल योजना आहेत. घर मातीचे असेल आणि वर सांगितल्याप्रमाणे खांब उभे करण्याचीच वेळ आली असेल, तर आपले नाव यादीत आहे का हे ग्रामपंचायतीत पाहिल्याशिवाय पदरचा एक रुपयाही जुन्या भिंतींवर खर्च करू नये. ज्यांचा प्राप्तिकर वेतनातून कापला जातो अशा घरातील शिक्षक वा कर्मचाऱ्याला जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. प्राप्तिकर न भरणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

आता मिस्त्रीशी व्यवहार. उघडून पाहिल्याशिवाय न कळणारे काम, जसे जुने छप्पर उतरवणे किंवा फुगलेला गिलावा काढणे, रोजीने द्यावे. मोजता येणारे काम, जसे नवे प्लास्टर किंवा फरशी, चौरस फुटाच्या ठेक्याने द्यावे. उघडण्याचे काम ठेक्याने दिले तर मिस्त्री सडलेला फाटा तसाच झाकतो, आणि फरशी रोजीने दिली तर ती लांबते. ठेका तोंडी असला तरी एका कागदावर दर, दारे-खिडक्यांची जागा मापातून वजा होणार की नाही, पाणी आणि परात्या कोणाच्या, मलबा कोण उचलणार आणि रेजांची, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बायांची, मजुरी ठेक्यात धरली आहे का, एवढे लिहून दोघांनी सही करावी. ओळखीच्या मिस्त्रीशी लिखापढी करणे अनेकांना ओशाळवाणे वाटते. भांडण मात्र ओळखीच्याशीच जास्त होते. उचल थोडी द्यावी, पुढचे पैसे झालेल्या मापानुसार द्यावेत, आणि छपराच्या कामातील शेवटचे १० टक्के पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत ठेवण्याचे आधीच ठरवून घ्यावे. लग्नसराईत मिस्त्रीला पैशाची गरज असते आणि तो पुढची उचल मागतो. द्यायचीच असेल तर वहीत लिहून द्यावी आणि पुढच्या मापातून वळती करावी.

साहित्यात सिमेंट साठवू नये. बॅगेवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते ते पाहावे, आणि तीन महिन्यांहून जुना माल घेऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीचा जुना अंदाज हाती असेल तर तो पुन्हा मांडावा. रेतीचे उलट आहे: घाट बंद झाले की भाव चढतात, म्हणून ती आधी आणून ठेवणे परवडते, मात्र वाहतूक परवान्याची पावती घेतल्याशिवाय ट्रॅक्टर अंगणात रिकामा करू देऊ नये. सळई वजनावर विकली जाते, तेव्हा नग मोजून घ्यावेत. १२ मीटर लांबीच्या ८ मिलिमीटर सळईचे वजन ४.७४ किलो असते, म्हणजे १ क्विंटलमध्ये २१ नग बसतात. १९ भरले तर काट्यात खोट आहे, आणि २४ भरले तर सळई बारीक आहे व तिच्यावर छापलेली जाडी खरी नाही. दुकानदाराच्या उधारीवर माल घेतला असेल तर उधारीचा भाव आणि रोखीचा भाव दोन्ही विचारावेत. दोहोंतील फरक हेच त्या उधारीचे व्याज असते, आणि ते पुष्कळदा बँकेच्या व्याजाहून जड निघते.

मे महिन्यातील कामाला पाण्याचा खर्च वेगळा धरावा. सिमेंटच्या कामाला किमान ७ दिवस, आणि आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात १० ते १४ दिवस, सतत ओल लागते, आणि विहीर आटलेली असेल तर ते पाणी टँकरने येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काम उरकले तर हा खर्च जवळजवळ वाचतो. दुसऱ्या टप्प्याचे न्हाणीचे काम त्यामुळे सोयाबीनचे पैसे आल्यावर लगेच ठरवून, विटभट्ट्या चालू असतानाच विटा सांगून ठेवून, होळीच्या आतच सुरू करावे.